मामंजींचा डाव आणि संगणकाची काळजी

माझ्या धाकट्या नणंदेचं ठरलेलं लग्न मोडलं आणि मोडलेलं परत जुळलं, त्या वर्षाची ही गोष्ट. मोडलं तेही संगणकापायी आणि जुळलं तेही संगणकापायी. तेव्हापासून आमच्या गल्लीत कुणी नवा संगणक आणला की माझ्याकडे येतात, काकू, काय काय सांभाळायचं ते सांगा. मी सांगते. काही जण ऐकून हसतात. हसू देत. एक संगणक हिवाळाभर एकदाही न विझवता जिवंत ठेवणारं दुसरं घर त्यांना ठाऊक असेल, तर त्यांनी तिकडे जावं.

आमचं गाद्यांचं दुकान. पुढच्या खोलीत रुई पिंजायचं यंत्र, मधल्या खोलीत शिवणकाम, मागे आम्ही राहायचो. दुकान माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी उभं केलेलं आणि त्यांनी दुकानाला एकच कायदा घालून दिला होता. खोळीत रुई भरून झाली की शेवटी गादीचं एका बाजूचं तोंड उरतं, ते दाभणाने शिवायचं असतं. ते शिवल्याशिवाय दुसऱ्या कामाला हात लावायचा नाही. जेवायला उठायचं नाही, पाहुण्याला या-बसा म्हणायचं नाही. माझ्या नवऱ्याचा जन्म झाला तेव्हाही मामंजी हातातल्या गादीचं तोंड शिवून मगच बाळ बघायला आत आले. सासूबाई ते शेवटपर्यंत विसरल्या नाहीत आणि आम्हालाही त्यांनी विसरू दिलं नाही.

संगणक नणंदेच्या कचेरीतून आला. तिथे नवे घेतले, जुने काढून टाकले, त्यातला एक ती हातगाडीवर घालून घेऊन आली. पुढून काच, मागून मोठी ढेरी, असा तो जुन्या पद्धतीचा. गिऱ्हाइकांच्या पलंगांची मापं त्यात ठेवायची असं ठरलं होतं. एकही माप त्यात गेलं नाही, कारण पहिल्याच दिवशी नणंदेने मामंजींना त्यातला पत्त्यांचा डाव दाखवला. एकट्याने खेळायचा डाव. लालावर काळं, काळ्यावर लाल लावत जायचं, एक्के वर काढायचे, आणि शेवटी चारही रंग राजापर्यंत लागले की जिंकलं.

मामंजींचे गुडघे गेले होते, छाती भरायची, पिंजायच्या खोलीत बसायला डॉक्टरांनी मनाई केली होती. त्यांना हा सोबती आवडला.

"पत्ते स्वतःच पिसतो, चोरी करत नाही, आणि हरला तरी रुसत नाही," ते म्हणाले. "तुझ्या आईपेक्षा बरा."

"हरता तुम्हीच, बाबा," नणंद म्हणाली. "तो कुठे हरतो?"

इथे माझी पहिली सूचना. माऊस टेबलाच्या कडेला पोचला की तो उचलून परत मध्ये ठेवायचा असतो. हे मामंजींना कुणी सांगितलं नाही. पडद्यावरचा बाण उजवीकडे न्यायचा म्हणून ते मांडीवर पाट घेऊन, त्या पाटावर माऊस सरकवत, पाट संपला की खुर्चीसकट उजवीकडे सरकायचे. एकदा सरकत सरकत दारापर्यंत गेले आणि तार संपली. तिथून हाक मारली, "आता पुढे रस्ता नाही, कुणीतरी भिंत हलवा."

हिवाळा लागला आणि मामंजी अंथरुणाला खिळले. ताप, खोकला, श्वास पुरेना. डॉक्टरांनी छाती तपासली, नळी घडी करून पिशवीत टाकली आणि ह्यांना दाराबाहेर नेऊन हळूच सांगितलं, "आठवडा निघाला तर पुष्कळ." डॉक्टर हळू बोलले, पण ते वयाने बहिरे होते, त्यामुळे त्यांचं हळू बोलणं समोरच्या न्हाव्यालाही ऐकू गेलं.

मामंजींनी ते ऐकलं. मग त्यांनी संगणक आपल्या पलंगाशेजारी आणायला लावला. आम्ही तो दुमडलेल्या गादीवर ठेवला, आमच्या घरात सगळंच गादीवर ठेवतात. त्यांनी डाव मांडला. थोडा चालला आणि अडला. गड्डी पालथी घातली, उलटली, परत पालथी घातली, पण पान काही लागेना. नणंद म्हणाली, "नवा मांडा, बाबा. बटण दाबलं की नवा येतो."

"हे तोंड उघडं टाकून?" मामंजी म्हणाले. "आयुष्यात केलं नाही ते आता करू? हा डाव लागला की मी जातो. तोवर डॉक्टरला म्हणावं, थांब."

आठवडा गेला. डाव लागला नाही आणि मामंजीही गेले नाहीत. पुढचा आठवडाही तसाच. डॉक्टर आले, त्यांनी परत छाती तपासली आणि तेच औषध पुढे चालू ठेवलं.

"औषधाला गुण आला म्हणायचं का?" ह्यांनी विचारलं.

"या औषधाने कुणी बरं झालेलं मी पाहिलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण द्या."

शहाण्या माणसांनी यातून काय अर्थ काढला असता मला ठाऊक नाही. आम्ही काढला तो असा: डाव अडून आहे, तोवर मामंजी आहेत. हे कुणी तोंडाने बोललं नाही, पण त्या दिवसापासून संगणकाजवळून जाताना सगळे पाय न वाजवता जाऊ लागले. त्या जुन्या खेळात डाव जपून ठेवायची सोय नव्हती. संगणक विझला की डाव गेला; वीज जाण्याची तेवढी धास्ती नव्हती, कचेरीतून त्याच्याबरोबर बॅटरीचा डबाही आला होता. आणि डाव तोंड उघडा असतानाच गेला तर मामंजींचं काय, हे करून बघायची आमच्यात कुणाची हिंमत नव्हती.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, काम चालू असतानाच मध्ये मध्ये जपून ठेवत जा. आणि जिथे जपून ठेवायची सोय नाही, अशा कशातही आपला जीव अडकवू नका.

आता नणंदेच्या लग्नाचं. तिचं ज्याच्याशी ठरलं होतं तो बाजारात संगणक दुरुस्त करायचा. चांगला मुलगा, हातात कसब, पण कुठल्याही बिघाडाला त्याचं पहिलं उत्तर ठरलेलं, बंद करून परत चालू करा. मामंजींनी त्याचं नावच बंद-चालू ठेवलं होतं. होणारे सासरे आजारी म्हणून तो भेटायला आला, पलंगापाशी बसला, नाडी बघावी तसा संगणकावर हात ठेवला.

"किती दिवस चालू आहे हा?"

"बाबा पडलेत तेव्हापासून," नणंद म्हणाली.

"अहो, असं नसतं करायचं. थकतो तो. एकदा बंद करून चालू करू, ताजातवाना होईल."

"कोण होईल ताजातवाना?"

"संगणक."

"आणि बाबा?"

त्याला काही समजलं नाही. त्याने हसत हसत बटणाकडे हात नेला. नणंदेने भिंतीला टेकवलेला, रुई झोडायचा गज उचलला आणि त्याच्या मनगटावर हाणला. तो मनगट धरून उभा राहिला, तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मामंजींकडे बघितलं. मामंजी म्हणाले, "जावईबापू, मला बंद करून चालू करता येत असेल तर सांगा. आत्ता करू." लग्न त्या संध्याकाळी मोडलं. मुलाकडच्यांचा निरोप आला, आमच्या मुलाचं मनगट सुजलंय आणि तुमच्या घरात काही ठीक दिसत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

पण खरा वैरी बटणापाशी नव्हता, तो संगणकाच्या आतच होता. एके दिवशी डावावर एक चौकोन येऊन बसला. नणंदेने वाचून दाखवलं: संगणकात काही नवं भरायचं आहे, त्यासाठी तो स्वतःच बंद होऊन परत चालू होणार. खाली दोन बटणं. एक आत्ता, एक नंतर.

"तो विचारतोय, आत्ता की नंतर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"अगं, नंतर दाब," हे म्हणाले. "विचारायचं काय त्यात?"

तिने नंतर दाबलं. काही तासांनी चौकोन परत आला. परत नंतर. मग तर त्याने ठाणच मांडलं. नणंद कचेरीत जायची, हे दुकानात, मुली शाळेत, म्हणजे दिवसभर घरात राहिले मी. आणि मला तर अक्षर येत नव्हतं. वयाची चाळिशी उलटली होती, आजवर त्यावाचून काही अडलं नव्हतं. नणंद म्हणाली, "वहिनी, डावीकडचं आत्ता, उजवीकडचं नंतर. उजवीकडचं दाबायचं." मी तसं केलं. पण एकदा चौकोन आला तो वेगळ्याच तोंडवळ्याचा, बटणांच्या जागा बदललेल्या वाटल्या. मी माऊसला हात न लावता दुकानात पळत गेले, ह्यांना पिंजायच्या यंत्रावरून ओढून आणलं. रुईने माखलेले हे येऊन वाकून बघतात तर जागा खरंच बदललेल्या.

त्या दिवशी संध्याकाळी नणंदेने मला समोर बसवलं आणि अक्षरं शिकवायला घेतली. अ आ पासून नाही. न पासून. त्यावर अनुस्वार, मग त, मग र. मी आयुष्यात वाचलेला पहिला शब्द नंतर. दुसरा आत्ता, आणि तो जोडाक्षरामुळे मला फार जड गेला. बाकीची भाषा त्यानंतर हळूहळू आली. तेव्हा वाचकहो, चौकोन आला की आधी वाचावं, मग दाबावं. वाचता येत असूनही न वाचता दाबणारी माणसं मी पुष्कळ बघितली, त्यांच्यापेक्षा मी बरी होते, मी निदान पळत जात होते.

मामंजी सगळं बघत पडलेले असायचे. रोज सकाळी उशीला टेकून बसायचे, गड्डी एकदा पालथी घालायचे, डोळे बारीक करून सगळी पानं बघायचे आणि म्हणायचे, "आज काही नाही." मग चहा घ्यायचे.

चहावरून आठवलं. संगणकापाशी कपबशी ठेवू नये हे सगळेच सांगतात. मी सांगते, ठेवायचीच असेल तर कप अर्धा भरून ठेवावा. ह्यांच्या हातून सांडला तो अर्धाच कप होता, आणि तो कळफलकाऐवजी गादीवर सांडला. गादीने तो पिऊन टाकला. कुठल्या संगणकाला असा पहारेकरी मिळतो?

मग जाहिरातीचा प्रसंग. नणंदेने संगणकाला फोनची तार जोडून दिली होती, कचेरीतून तिला घरचा हालहवाल विचारता यावा म्हणून. त्या तारेतून एका दुपारी भलताच चौकोन आला. लाल-पिवळा, लुकलुकणारा. मी न आणि त शोधत बसले, ती अक्षरं त्यात ओळीने कुठे दिसेनात. मामंजींनी चष्मा लावला आणि स्वतःच वाचलं.

"अभिनंदन. तुम्ही जिंकलात."

त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. "सूनबाई, लागला वाटतं डाव," ते म्हणाले. "ह्याला बोलाव. पोरीला निरोप धाड."

हे आले. नणंद कचेरीतून अर्धं काम टाकून आली. तोवर मामंजींनी केस विंचरून घेतले होते, पांघरूण छातीपर्यंत नीट ओढलं होतं, हात पोटावर ठेवले होते. त्यांनी ह्यांना सांगितलं, पिंजायच्या यंत्राचा पट्टा बदल. मला सांगितलं, तुझ्या हातची भाजी नेहमी खारट झाली, पण मी खाल्ली. मग डोळे मिटले. नणंद मात्र पडद्यासमोर जाऊन उभी राहिली होती.

"बाबा," ती म्हणाली, "ही जाहिरात आहे."

मामंजींनी एक डोळा उघडला. "कसली?"

"कुठल्या तरी परदेशवारीची. कुणालाही येते. डाव आहे तिथेच आहे, तिच्या मागे."

तिने चौकोन बाजूला सारला. मागे डाव होता, अडलेला, जसाच्या तसा. मामंजी उठून बसले आणि आजारपणात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा लाल झाला. "माणूस मरायला टेकलाय, तरी फसवतात," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "ते भाजीचं मी बोललो ते मनावर घेऊ नकोस." मी म्हटलं, "घेतलंय." डॉक्टर योगायोगाने त्याच संध्याकाळी आले आणि नाडी बघून म्हणाले, बरीच सुधारणा आहे, काय दिलंत?

जो चौकोन आपलं अभिनंदन करतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. आपण काही केलेलं नसतं, आपल्यालाही ते माहीत असतं.

थंडी वाढली तसं ह्यांच्या डोक्यात आलं की संगणकालाही थंडी वाजत असेल. यात त्यांची चूक नाही, गादीवाल्याला जगातली प्रत्येक वस्तू उघडी दिसते. त्यांनी त्याच्यासाठी रुईची दुलई शिवली. मापात, कोपऱ्यांना टाके, मागे तारांसाठी काज. फार देखणी झाली. दोन दिवसांनी संगणक गुरगुरायला लागला. मग घोरल्यासारखा आवाज. वर हात ठेवला तर तवा. दुलई काढली तरी गुरगुर थांबेना, आणि पत्ते हलवायला गेलं तर पान उचललं जायचं आणि मध्येच थिजून राहायचं.

आता बोलवायचं कुणाला? बाजारात दुरुस्ती करणारा एकच. नणंद म्हणाली, "मी जाणार नाही." मी म्हटलं, "मग गज घेऊन मी जाते." शेवटी तीच गेली. तिथे काय बोलणं झालं आम्हाला कधी कळलं नाही, पण बंद-चालू तिच्या मागोमाग आला, मनगटाला पट्टी, हातात पिशवी. दारातच म्हणाला, "बंद न करता ना? समजलं. चालत्या गाडीचं चाक बदलायचंय."

त्याने संगणकाचं झाकण काढलं. आतून दिवा लुकलुकत होता, पंखा फिरायला धडपडत होता, आणि सगळीकडे रुई. पिंजायच्या खोलीतून उडालेलं तूस महिनोन्महिने आत जाऊन बसलं होतं. त्याने श्वास रोखून चिमट्याने एकेक पुंजका काढायला सुरुवात केली. घामाने त्याची मान भिजली.

"खोल श्वास घ्या," तो म्हणाला.

"कोणी?" हे म्हणाले.

"मी स्वतःला सांगतोय."

मामंजी पलंगावरून वाकून बघत होते. "लांब धाग्याची आहे," ते म्हणाले. "टाकू नकोस. इकडे दे." बाहेर निघालेली रुई त्यांनी तळहातावर घेऊन चोळली, फुलवली, आणि मला म्हणाले, "उशी नाही होणार. टाचण्या खोचायला होईल एखादी." पंखा मोकळा झाला, गुरगुर थांबली, वाटेत थिजलेलं पान आपल्या जागी जाऊन पडलं. बंद-चालू भिंतीला टेकून खाली बसला. नणंदेने त्याला पाणी दिलं, आणि तो पीत असताना पट्टीवरून त्याचं मनगट हळूच दाबून बघितलं. लग्न तिथेच परत जुळलं. त्याच्या आई-वडिलांना ते पुढच्या आठवड्यात कळलं.

संगणकावर काहीही पांघरू नये, आतली धूळ वेळच्या वेळी काढावी, आणि काढायला येणाऱ्याला आधी मारू नये.

आता चुंबकाचं सांगायचं राहिलं. शिवताना सुई पडली की ती गादीत जाऊ नये म्हणून आमच्याकडे एक मोठं चुंबक असायचं, ते फिरवून सुई शोधायची. एकदा मामंजींच्या पांघरुणात सुई हरवली. ह्यांनी चुंबक फिरवलं, सुई सापडली, आणि फिरवता फिरवता चुंबक पडद्याच्या कोपऱ्याशी गेलं. जुन्या काचेला ते सोसत नाही. कोपऱ्यातला रंग पसरला, जांभळा, हिरवा, आणि तिथली पानं लाल की काळी ते कळेना.

बंद-चालू म्हणाला, "लांब करा ते, घालवतो मी डाग."

"राहू दे," हे म्हणाले, आणि चुंबक तिथेच, पडद्याच्या कडेला अडकवून ठेवलं. "हाताशी बरं."

मला विचित्र वाटलं. दुपारी मामंजी झोपले असताना मी ह्यांना विचारलं. त्यांनी मला बाहेर अंगणात नेलं.

"त्या कोपऱ्यात चौकटची राणी आहे," ते म्हणाले. "बाजूला इस्पिकचा राजा मोकळा. ती त्याच्यावर गेली की खालची पानं उघडतात, आणि डाव सुटतो. मला कधीच दिसलं होतं. बाबांना दिसू नये."

"आणि तुमची बहीण?"

"तिलाही दिसलंय. ती त्या बाजूला तोंड करून बसतच नाही."

तेव्हा कुठे मला कळलं की या घरात पत्ते येत नसलेली मी एकटीच होते, म्हणून मी एकटीच निर्धास्त होते.

असे दिवस चालले. मामंजी रोज म्हणायचे, आज काही नाही. आम्ही म्हणायचो, नाही ना, बघू उद्या. श्वास त्यांना पुरत होता, भूक लागत होती, डॉक्टर येऊन बुचकळ्यात पडून जात होते. थंडी ओसरत आली. आणि एका रविवारी, सगळे घरात, बंद-चालूही जेवायला आलेला, असताना तो चौकोन परत आला.

मी नेहमीप्रमाणे नंतर शोधलं. होतं, पण फिकट झालेलं. दाबलं तर दबेना.

"अहो, हे बघा," मी म्हटलं.

बंद-चालूने वाचलं आणि खाली बसला. "त्याने पुष्कळदा ऐकून घेतलं. आता ऐकत नाही. घड्याळ लावलंय त्याने, ते संपलं की स्वतःच बंद होणार."

"थांबव," नणंद म्हणाली.

"मला नाही थांबवता येत."

"तार काढ."

"तार काढली तर आत्ताच बंद होईल."

चौकोनात आकडे उलटे उतरत होते. आम्ही सगळे मामंजींकडे बघत होतो आणि मामंजी पडद्याकडे. डाव तसाच, तोंड उघडा, आणि यंत्र तो उचलून न्यायला आलेलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी हात लांब केला, चुंबक काढून खिशात टाकलं. डाग काही गेला नाही.

"बाबा," हे म्हणाले, "कोपऱ्यात चौकटची राणी आहे. इस्पिकच्या राजावर जाते."

मामंजींनी चष्मा काढला, पांघरुणाच्या टोकाने पुसला, परत लावला.

"माहितीय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"डाव मांडला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तुझं चुंबक आलं ते पुष्कळ उशिरा."

"मग लावली का नाहीत?"

"तू का सांगितलं नाहीस?"

ह्यांनी खिशातलं चुंबक चाचपलं. मामंजींनी परत पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "रोज सकाळी बघायचो तिला. म्हणायचो, आज नको. चहा तरी घेऊ."

नणंद पलंगावर त्यांच्या पायांशी बसली. "नका लावू, बाबा. यंत्रानेच मोडला म्हणू. तुमच्याकडे दोष येत नाही."

"गादी दुकानातून तोंड उघडी गेली, तर गिऱ्हाईक यंत्राचं नाव घेत नाही," मामंजी म्हणाले. "सूनबाई, मनगटाखाली काहीतरी दे. हात कापतोय."

मी हाताशी होता तो लहान लोड दिला. त्यांनी माऊस धरला, राणी उचलली, मध्येच हातातून सुटली, परत उचलली आणि राजावर ठेवली. खालचं पान पालथं होतं ते उलटलं. एक्का. तो वर गेला. मग एकेक करून सगळंच सुटायला लागलं, जशी घट्ट दाबलेली रुई एका जागी धरली की सगळी फुलत येते. इतके दिवस डाव सुटू नये म्हणून श्वास धरून बसलेली आम्ही माणसं, आता ओरडून पानं सांगायला लागलो.

"काळा नव्वा, बाबा, डावीकडे."

"दिसतंय मला. मेलो नाही अजून."

"घाई करा," बंद-चालू म्हणाला. "थोडंच उरलंय."

"घाईत टाका सैल पडतो," मामंजी म्हणाले, पण हात भराभर चालवत होते. दश्शा, गुलाम, राणी. शेवटचा राजा वर जाऊन बसला आणि पत्ते पडद्यावरून उड्या मारत खाली कोसळायला लागले. ते अर्धे कोसळले असतील, तोच पडदा काळा झाला.

मामंजींनी माऊस बाजूला ठेवला. आडवे झाले. हात पोटावर ठेवले, डोळे मिटले. या वेळी कुणाला काही सांगितलं नाही. हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. नणंदेने मामंजींच्या पायांचे दोन्ही अंगठे घट्ट धरले, जणू तिने सोडले तर ते निघून जातील. मी पांघरुणाच्या उंचवट्याकडे बघत होते. ते वर जात होतं, खाली येत होतं. परत वर जात होतं.

संगणक आपोआप सुरू झाला आणि त्याने आपली ती सुरावट वाजवली.

मामंजींनी डोळे उघडले. "हा कसा आला परत?"

"येतोच तो, बाबा," बंद-चालू हळूच म्हणाला. "बंद झाल्यावर येतो."

"आणि डाव?"

"डाव संपला."

"लागला होता. सगळ्यांनी बघितलं ना?"

"सगळ्यांनी बघितलं," हे भिंतीकडून म्हणाले.

मामंजी छताकडे बघत पडून राहिले. संध्याकाळपर्यंत त्यांनी वाट बघितली. आम्हीही बघितली, आळीपाळीने. शेवटी मी विचारलं, जेवायला वाढू का, तर म्हणाले, "थोडंसं. उगाच ताटकळत कशाला?" थोडंसं म्हणता म्हणता नीट जेवले, आणि भाजीत मीठ बरोबर आहे म्हणाले. ते खोटं होतं, मी चाखली होती.

दोन दिवस त्यांचा चेहरा, सामान बांधून उभ्या राहिलेल्या आणि गाडी न आलेल्या माणसासारखा होता. कुणाशी धड बोलेनात. तिसऱ्या सकाळी काठी घेऊन मधल्या खोलीत आले, एका गादीपाशी बसले आणि ह्यांच्या हातातून दाभण काढून घेतलं.

"बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय," हे म्हणाले.

"माझ्याकडून जे होतं ते मी केलं," मामंजी म्हणाले. "पुढचं ज्याचं त्याने बघावं. दोरा ओवून दे, मला भोक दिसत नाही."

नणंदेचं लग्न त्या उन्हाळ्यात झालं. संगणक तिने सासरी नेला, त्याच्या दुलईसकट, ती मात्र उशी म्हणून. मामंजींनी परत पत्त्यांना हात लावला नाही. रोज एका गादीचं तोंड शिवायचे, तेवढंच, आणि संध्याकाळी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पाठीवरून त्याची गादी कशी असेल ते सांगायचे. डॉक्टरांच्या प्रेताला खांदा द्यायला ते काठी टेकत गेले होते.

मामंजी आमच्या थोरल्या मुलीला नोकरी लागली त्या वर्षी, थंडी संपता संपता, एका गुरुवारी सकाळी चहा घेतल्यावर वारले.